‘एस्प्री टर्बो’ मोटारीची घडण

इंग्लंडांतील नॉर्फक परगण्यांत हेथेल नांवाचें गांव आहे. तेथील महायुद्धकालीन विमानतळावर लोटस कंपनीनें इ. स. १९६६ मध्यें आपला कारखाना नेला. त्याच कारखान्यांतून इ. स. १९८० मध्यें ‘एस्प्री टर्बो’ ही मोटार बाहेर पडली. नांवावरून असा ग्रह सहज होतो कीं, आधींच्या एस्प्रीस टर्बोचार्जर जोडला, एवढाच काय तो फरक. हा ग्रह साधार नाहीं, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें पुढें देत आहों.

मूळ एस्प्री इ. स. १९७५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत लोकांपुढें आली. तिची आकृति इटालियन कलावंत जुजारो यांची. एंजिन चार सिलिंडरांचें, १९७३ घन सेंटिमीटरांचें. कारखान्याच्या म्हणण्याप्रमाणें त्याची शक्ति १६० अश्वशक्ति होती.

टर्बोचार्जरांत एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूच्या योगानें एक चक्र फिरतें, व त्याच दांड्यावरील दुसरें चक्र ताजी हवा दाबून आंत लोटतें. हवा अशी दाबून भरली म्हणजे इंधन अवेळीं पेटण्याचें भय असतें. म्हणून नव्या एंजिनांत संकोचाचें प्रमाण ७.५ ला १ इतकें उतरविलें आणि घनफळ २१७४ पर्यंत वाढविलें. दाबलेली हवा कार्ब्युरेटरांतूनच पुढें जात असल्यामुळें ते तो दाब सोसतील असे करणें भाग पडलें. येणेंप्रमाणें २१० अश्वशक्ति साधली.

याहून बलवत्तर पुरावा गाडीच्या तळाशीं आहे. जुन्या गाडींत मागील चाकांना गति देणारे दांडेच तीं चाकें आडवीं सरकूं न देण्याचेंही काम करीत. टर्बोकरितां नवा सांगाडा घडविला, चाकें धरण्यास वरच्या बाजूस स्वतंत्र आडव्या दांड्या दिल्या आणि गति देणाऱ्या दांड्यांवरील तो भार काढला. इ. स. १९८१ मध्यें टर्बोविरहित एस्प्रीची तिसरी आवृत्ति निघाली, तिनें हाच सांगाडा घेतला. अर्थात् शाखेनेंच मूळ खोडास आधार दिला.

वेगाविषयीं कारखान्याचा दावा ताशीं १५२ मैलांचा होता. कर्त्याचें स्वतःविषयींचें कथन ज्या सावधपणें घ्यावयाचें, त्याच सावधपणें हा आंकडा घ्यावा.

कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन इ. स. १९८२ च्या डिसेंबरांत वारले. पुढें दाबलेली हवा पाण्यानें निवविण्याची युक्ति योजून इ. स. १९८९ मध्यें २१७४ घनफळाच्याच एंजिनांतून २६४ अश्वशक्ति मिळाली. तें त्यांना पाहावयास मिळालें नाहीं.

मथळ्यावरून दप्तराची पारख होत नाहीं, हें संग्राहकांस सांगणें नको. येथेंही नांव जोडणीचें असलें तरी घडण नवी आहे.