जलस्तंभ आणि न डागलेली तोफ

इ. स. १७७३ च्या मे महिन्याची १७ वी तारीख. दुपारीं चारच्या सुमारास कॅप्टन कुक याचें 'रिझोल्यूशन' हें जहाज न्यूझीलंडच्या स्टीफन्स भूशिराजवळ असतां वारा एकाएकीं पडला, आकाश काळवंडलें आणि एकामागून एक सहा जलस्तंभ दृष्टीस पडले. त्यांतील एक जहाजापासून अवघ्या ५० यार्डांवरून गेला. त्याच्या तळाशीं ५० ते ६० फूट व्यासाचें पाणी खवळून फेंसाळत होतें. त्यांत सांपडलेला एक पक्षी गरगरत वर जातांना दिसल्याचें कांहीं खलाशांनीं सांगितलें.

समुद्र मेघांकडे ओढला जातो, ही समजूत फार जुनी. 'जलस्तंभ' हें नांवही तिलाच पुष्टि देतें. वस्तुतः पूर्ण निर्वात पोकळीसुद्धां पाण्यास सुमारें ३४ फुटांपलीकडे चढवूं शकत नाहीं. मग तें मेघांपर्यंत कसें जावें? जमिनीवरील वावटळ व समुद्रावरील जलस्तंभ हीं एकाच जातीचीं, असें फ्रँकलिननें १७५३ सालींच प्रतिपादिलें होतें. उबदार समुद्रावरील दमट हवा वाढत्या मेघाखालीं वर चढूं लागली, म्हणजे भोंवतालची हवा तेथें धांव घेते. तिच्यांतील मंद भ्रमण आकुंचित होतां होतां वेगवान् बनतें. मध्यभागीं दाब उतरतो, हवा थंडावते व बाष्पाचे जलकण होतात. आपणांस दिसतो तो स्तंभ बहुतांशीं या कणांचाच. समुद्राचे असतात ते पायथ्याचे तुषार. फ्लॉरिडाजवळील जलस्तंभांचें निरीक्षण करून जोसेफ गोल्डन यांनीं १९७४ सालीं त्यांच्या पांच अवस्था वर्णिल्या. पहिली म्हणजे पाण्यावरचा काळसर डाग. अर्थात् स्तंभ डोळ्यांस दिसण्यापूर्वींच भोंवरा पाण्यास पोहोंचलेला असतो.

असे बहुतेक स्तंभ कांहीं मिनिटांतच विरतात व किनाऱ्यावर आल्यास लवकर क्षीण होतात. तथापि लहान होडीस ते घातक होत. आणि प्रचंड गडगडाटी मेघांतून उतरणारे तर मोठ्या जहाजासही भयप्रद.

तोफ डागल्यानें जलस्तंभ मोडतो, अशी खलाशांची श्रद्धा असे. कुकनें ती ऐकली होती, तोफही सज्ज होती. पण तें अद्भुत पाहण्यांत तो इतका गढून गेला कीं, डागण्याचें राहूनच गेलें. ही हळहळ त्यानें आपल्या १७७७ सालच्या प्रवासवृत्तांत प्रांजळपणें नमूद केली आहे. मला मात्र या विस्मरणाचें वाईट वाटत नाहीं. तोफ उडाली असती, तरी स्तंभ आपल्या वेळीं विरलाच असता. पण श्रेय तोफेस जाऊन एका भ्रमास कुकसारख्या सत्यनिष्ठ पुरुषाची साक्ष लाभली असती. एकदां घडलेलें म्हणजे सिद्ध झालेलें नव्हे, हा विवेक आपण सर्वांनींच बाळगावयास नको काय?