रिकामा रस्ता आणि वेल्डरची काच

१८३८ सालचा वसंत ऋतू. पॅरिसमध्ये लुई दागेर याने आपल्या घराच्या उंचावरील खिडकीतून ‘बुलेव्हार द्यु ताँप्ल’ या रस्त्याचे छायाचित्र घेतले. नाट्यगृहांनी गजबजलेला, घोडागाड्यांनी सतत वाहणारा हा रस्ता. छायाचित्रात मात्र तो निर्मनुष्य आहे. झाडे आहेत, धुराडी आहेत, फरसबंदी आहे; माणसे नाहीत. अपवाद फक्त कोपऱ्यातल्या एका गृहस्थाचा. तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिला, म्हणून उमटला. पॉलिश करणाऱ्याची आकृती त्याच्याइतकी स्पष्ट नाही. त्याचे हात चालू होते.

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये सॅम्युएल मोर्स (तारायंत्राचा तोच मोर्स, तो मुळात चित्रकार) पॅरिसमध्ये दागेरला भेटला. हा रिकामा रस्ता त्याच्या लगेच लक्षात आला आणि त्याचे कारणही त्याने पत्रात अचूक नोंदवले: जे हलते ते या पत्र्यावर उमटत नाही.

कारण साधे आहे. दागेरच्या चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्याला काही मिनिटे प्रकाश लागत असे. चालणारा माणूस त्याच्या मागच्या भिंतीचा एखादा बिंदू फार तर अर्धा सेकंद झाकतो. उरलेला सगळा वेळ पत्र्यावर भिंतीचाच प्रकाश पडत राहतो. माणसाचा वाटा एका टक्क्याहूनही कमी. म्हणजे तो तिथे होता, पण पत्र्याच्या हिशेबात नव्हता.

इथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी अधिक महत्त्वाचा आहे, कारण छायाचित्र हे साधन आहे आणि साधनाची परीक्षा करावी लागते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या हिंदी सदस्यांपैकी एक. त्याच दशकात मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप मदुराई आणि तंजावरची मंदिरे मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर टिपत होता. या काळातील पुष्कळ छायाचित्रांत प्रांगणे ओस, घाट ओस, बाजाराचे रस्ते ओस दिसतात. आज ती समाजमाध्यमांवर फिरतात आणि खाली दोन प्रकारचे शेरे येतात. एक हळहळीचा: तेव्हा किती शांतता होती! दुसरा संतापाचा: साहेबाने हिंदी माणूस मुद्दाम पुसला. पहिला शेरा बहुधा भाबडा आहे. दुसऱ्यात तथ्य असू शकते, पण केवळ रिकामेपणावरून तो सिद्ध होत नाही. आधी रसायनाचा वाटा वजा करावा लागतो.

तो कसा वजा करावा? वाचून समजते, करून पाहिले तर पटते. आणि करून पाहण्याचे साधन हार्डवेअरच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळते: वेल्डरच्या मुखवट्यातली गडद हिरवी काच.

अडचण अशी की आजचा कॅमेरा फार उतावळा आहे. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ १६ ठेवले, तरी सुमारे १/१०० सेकंदात चित्र पूर्ण होते. शटर मिनिटभर उघडे ठेवले तर हाती पांढरा कागद येईल. दागेरचा संथपणा परत हवा असेल तर लेन्ससमोर अंधार धरावा लागतो. त्यासाठीची तयार फिल्टरे हजारो रुपयांना मिळतात. वेल्डरची काच तेच काम करते, जरा ओबडधोबडपणे.

या काचेवरचा क्रमांकही इतिहासाशी नाते सांगतो. इंग्लंडमधील विडनेस येथील रासायनिक कारखान्यात काम करणारे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी १८९० मध्ये छायाचित्रातील काळेपणा मोजण्याची पद्धत मांडली. अडवलेल्या प्रकाशाचे लॉगरिदम म्हणजे ‘घनता’, ही कल्पना त्यांची. वेल्डिंगच्या काचेचे क्रमांक याच घनतेवर आधारलेले आहेत. क्रमांक एकाने वाढला की प्रकाश सुमारे २.७ पटींनी घटतो. १० क्रमांकाची काच प्रकाशाचा साधारण ७,२०० वा भागच आत सोडते. म्हणजे १/१०० सेकंदाचे एक्स्पोजर ७२ सेकंदांवर जाते. ९ क्रमांकाने २७ सेकंद, ११ क्रमांकाने तीन मिनिटांहून थोडे अधिक. (काचेचा हिरवेपणा लोहामुळे येतो. काचकारखान्यांतील कामगारांना होणाऱ्या मोतीबिंदूवर उपाय शोधताना विल्यम क्रूक्स याने १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोहयुक्त काच उष्णतेचे किरण अडवते असे दाखवले होते. कामगाराचे डोळे वाचवणारी काच शेवटी छंदिष्टांच्या हाती आली.)

कृती सोपी, पण क्रम चुकवू नये. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा. काच लावण्याआधीच फोकस करून तो कायम करावा. नंतर काही दिसत नाही. मग काच रबरबँडने लेन्सवर बसवावी आणि कडेच्या फटी काळ्या चिकटपट्टीने बंद कराव्यात, अन्यथा मागून शिरलेला प्रकाश चित्रावर पट्टा उमटवतो. चित्र हिरवे येईल. ते कृष्णधवल करावे. काच लेन्सच्या प्रतीची नसल्याने थोडा अस्पष्टपणा राहील. आणि १० क्रमांकाच्या काचेतून सूर्याकडे पाहू नये. त्यासाठी १४ क्रमांकाची वापरतात.

आता निकाल. तुरळक वर्दळीच्या गल्लीत ७२ सेकंदांत माणसे खरोखरच नाहीशी होतात. टपरीपाशी टेकलेला गिऱ्हाईक उरतो, झोपलेले कुत्रे उरते, उभी रिक्षा उरते. मात्र हाच कॅमेरा भरदुपारी दादर स्थानकाबाहेरच्या बाजारात लावला तर रस्ता रिकामा होत नाही. तिथे एक माणूस बाजूला झाला की दुसरा त्याच जागी येतो. भिंतीला प्रकाश पाठवण्याची फुरसतच मिळत नाही. चित्रात धुके साचते. अलेक्सेई तितारेंको या रशियन छायाचित्रकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी सेंट पीटर्सबर्गमधील गर्दी दीर्घ एक्स्पोजरने टिपली, तेव्हा त्याला असेच धुके मिळाले. जिन्याच्या कठड्यावर फक्त हात तेवढे ओळखू येतात.

म्हणजे ‘जुन्या कॅमेऱ्यात गर्दी उमटतच नसे’ हे सरसकट विधानही अपुरे आहे. विरळ वर्दळ पुसली जाते, दाट गर्दी धुके होते. ज्या जुन्या छायाचित्रात धुक्याचा मागमूसही नाही, तिथे वर्दळ पांगलेली होती, किंवा वेळ पहाटेची निवडली होती, किंवा लोकांना बाजूला केले होते. या तिन्हींत फरक करायचा तर इतर खुणा पाहाव्यात. झाडाची पाने पुसट असतील, पाणी दुधासारखे सपाट असेल, बैलाला धड असून डोके नसेल, तर एक्स्पोजर लांब होते. पाने स्वच्छ, पाण्यावर तरंग स्पष्ट आणि तरीही रस्ता ओस, तर रसायनाला दोष देता येत नाही. कोणीतरी तसे ठरवले होते. यूजेन आत्जे १९२० च्या दशकातही पॅरिसचे रिकामे रस्ते टिपत होता. तोवर काचेच्या कोरड्या प्लेटा पुरेशा वेगवान झाल्या होत्या. त्याचा रिकामेपणा बराचसा पहाटे उठण्यातून आला; तरी काही चित्रांत दारापाशी एखादी पारदर्शक व्यक्ती रेंगाळताना दिसतेच.

वेल्डरच्या काचेचा प्रयोग इथे थोडा तोकडा पडतो, हे सांगणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद देत. लाल पागोटे त्यांच्यावर काळे पडे. आजचा सेन्सर तसा नाही. त्यामुळे काळाचा परिणाम या काचेतून तपासता येतो, रंगांचा नाही.

तपासणीचा आणखी एक मार्ग मात्र सहसा विसरला जातो. मोठ्या प्लेटांवर शहरे ओस दिसत होती, त्याच काळात छोटे स्टीरिओ कॅमेरे वेगळे काही दाखवत होते. त्यांच्या आखूड लेन्सला कमी वेळ पुरे. १८५९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विल्सनने एडिंबराच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरील आणि एडवर्ड अँथनीने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील चालती माणसे व धावत्या घोडागाड्या स्टीरिओ कार्डांवर पकडल्या. एखाद्या शहराचे १८६० च्या आसपासचे भव्य, निर्मनुष्य छायाचित्र समोर आले, तर त्याच रस्त्याचे तळहाताएवढे स्टीरिओ कार्ड कुठल्या संग्रहात आहे का, हे आधी शोधावे.