हवेवर हक्क कुणाचा?

सोलापुरात आम्ही ज्या उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, तिथली बरीच मुले रोज चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जातात. नववीच्या वर्गात आम्ही सहज विचारले, हे चौघे कोण? कुर्बान हुसेन हे नाव दोघातिघांनी सांगितले. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासोबत 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली, हे एकालाही सांगता आले नाही. ते ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत होते, हे तर दूरच. एक मुलगी मात्र म्हणाली, “सर, दादीजानला पुष्कळ माहीत आहे. पण तिला कोण विचारतो?”

या प्रश्नाने आम्हाला ओशाळे केले. इतिहास म्हणजे छापलेले पुस्तक, हे मुलांना आम्हीच शिकवले. दादीजानला लिहिता येत नाही, म्हणून तिच्याजवळचा इतिहास आमच्या हिशेबातच नव्हता.

आमच्याच सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर जहीराबाद लागते. हजार वेळा त्या रस्त्याने लग्नकार्याला गेलो असू. तिथून जवळच माचनूर नावाचे खेडे आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या आधाराने या भागातल्या गरीब, बहुतेक दलित, स्त्रियांनी गावोगाव ‘संघम’ उभारले होते. पडीक जमिनी पिकवायच्या, ज्वारी-बाजरीसारखी कोरडवाहू धान्ये आणि त्यांचे बियाणे जपायचे, असे त्यांचे काम. या बायकांनी ठरवले की आपल्याला आपला रेडिओ हवा. स्टुडिओ तयार झाला, यंत्रे आली. परवानगी मात्र नाही! मग त्यांनी काय करावे? पेरणीची गाणी, बियाण्यांचे ज्ञान, दुष्काळाच्या आठवणी, मालकाच्या शेतावरच्या राबणुकीच्या हकिकती त्या कॅसेटवर भरत राहिल्या आणि संघमच्या बैठकांत वाजवत राहिल्या. अशी बरीच वर्षे गेली.

परवानगी का नव्हती, हे समजण्यासाठी थोडे कायद्यात शिरावे लागते. इंग्रजांचा 1885 सालचा तार कायदा सांगत होता, बिनतारी संदेशाचा मक्ता सरकारचा. स्वातंत्र्य आले, पण हा मक्ता तसाच राहिला. त्याला तडा गेला तो, गंमत पाहा, क्रिकेटमुळे. बंगालच्या क्रिकेट संघटनेला सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनबाहेर विकायचे होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी 1995 मध्ये निकाल आला की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. भांडण पैसेवाल्यांचे, पण त्यातून हक्क निघाला तो सर्वांचा.

तरी सरकार बिचकतच होते. आधी फक्त शिक्षणसंस्थांना दार उघडले. 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांना मुभा मिळाली नोव्हेंबर 2006 मध्ये. तीही बांधून दिलेली : शंभर वॉटच्या आसपासची ताकद, आणि बातम्या सांगायच्या नाहीत. म्हणजे गावाने गाणे गावे, पण गावात काल काय घडले ते बोलू नये! आम्हाला ही अट अजूनही उमगत नाही.

15 ऑक्टोबर 2008 रोजी माचनूरचा ‘संघम रेडिओ’ हवेत गेला. उद्घाटनाला न्यायमूर्ती सावंत स्वतः होते. केंद्र सांभाळणाऱ्या दोघी दलित तरुणी, दोघींचेही नाव नरसम्मा. एकीला सगळे ‘जनरल’ नरसम्मा म्हणत. दिवसभराची शेतीची कामे उरकून माणसे घरी येत, त्या संध्याकाळच्या वेळी तिथल्या साध्या तेलुगूत कार्यक्रम चाले. त्याच वर्षी आपल्याकडे साताऱ्याच्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ही सुरू झाली.

आणखी एक उदाहरण आपल्या वाचकांना जास्त जवळचे वाटेल. हरियाणातल्या मेवातमध्ये 2010 मध्ये ‘रेडिओ मेवात’ आणि 2012 मध्ये ‘अल्फाज-ए-मेवात’ सुरू झाले. मेवात म्हणजे मेव मुसलमानांचा मुलूख. त्यांचा हसन खान मेवाती 1527 मध्ये खानव्याच्या रणात बाबराविरुद्ध राणा सांगाच्या बाजूने लढत मेला. 1932-33 मध्ये चौधरी यासीन खान यांच्या पुढाकाराने मेव शेतकरी अलवरच्या राजाच्या जाचक करांविरुद्ध उठले, आणि राजाला संस्थान सोडून जावे लागले. 1947 मध्ये अलवर-भरतपुरात याच मेवांची कत्तल झाली, हजारो परागंदा झाले. 19 डिसेंबर 1947 रोजी गांधीजी घासेड्याला गेले आणि त्यांना इथेच राहण्याची गळ घातली.

हे सारे शाळेच्या पुस्तकात कितीसे आहे? ते जपले मिरासींनी. मिरासी म्हणजे मेवांचे गाणारे. महाभारताची कथासुद्धा ते मेवाती बोलीत गातात. ऐकणारे घटले, पोरे मजुरीला गेली, आणि त्यांचे गळे ओस पडू लागले होते. त्याच मेवाती बोलीला आता मायक्रोफोन मिळाला. जी बोली शाळेत अडाण्यांची म्हणून टाकली जाते, ती रेडिओवर ऐकताना पोरांना काय वाटत असेल, हे उर्दू आणि दखनीच्या कात्रीत वाढलेल्या आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

आमच्या शाळेजवळ ना केंद्र आहे, ना परवाना. जुना मोबाइल आहे. मागच्या जुम्म्याला नमाजनंतर त्या मुलीच्या घरी गेलो. दादीजान विड्या वळता वळता बोलत होत्या. कोणत्या साली कारखानदाराने पाने कमी दिली, कोणत्या बाया दारात बसून राहिल्या, पोलीस आले तेव्हा कुणाच्या कडेवर मूल होते. चाळीस मिनिटे भरली. मध्येच त्या थांबल्या आणि नातीला म्हणाल्या, “हे मशीन बंद कर गं, आता मी त्या मुकादमाचं नाव सांगते.”