आधी पाणी तपासा, मग शिंपला

आज आपण कालवांची गोष्ट ऐकणार आहोत. ही कालवं म्हणजे आपल्या शेताला पाणी देणारे कालवे नव्हेत बरं का. खाडीत खडकाला चिकटून वाढणारा एक शिंपला असतो, त्याला कोकणात कालव म्हणतात. शिरूर-दौंडला समुद्र नाही, मग ही गोष्ट आपल्याला कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण भीमा ही आपल्या दोन तालुक्यांची शीव आहे. वरच्या अंगाला कोणी पाण्यात काय सोडलं, यावर खालच्या अंगाला बाजारात बसणारीचं पोट अवलंबून असतं. कालवांचा इतिहास नेमकं हेच सांगतो.

कालव एकदा चिकटलं की जागचं हलत नाही. पाणी आत घेतं, त्यातलं खाणं गाळून ठेवतं आणि पाणी बाहेर सोडतं. मोठं कालव दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी असं गाळू शकतं. पाण्यात मैला असेल, तर त्यातले जंतूही त्याच्या अंगात साठतात. कालवाला त्याचा त्रास होत नाही. ते ताजं दिसतं, वासही येत नाही. युरोप-अमेरिकेत ते कच्चंच खातात, त्यामुळे जंतू थेट माणसाच्या पोटात जातात.

१८९४ साली अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांच्या मेजवान्या झाल्या. पुढच्या काही आठवड्यांत वीसहून जास्त मुलांना विषमज्वर झाला, म्हणजे आपण टायफॉईड म्हणतो तो. चौघं दगावले. तिथले जीवशास्त्राचे प्राध्यापक कॉन यांनी मुलांनी काय काय खाल्लं ते एकेक करून तपासलं. दूध नाही, पाणी नाही, शेवटी उरली कच्ची कालवं. विकण्याआधी ती फुगावीत म्हणून एका ओढ्याच्या मुखाशी ठेवली होती. जवळच्या घरात विषमज्वराचे रोगी होते आणि त्या घराची मोरी त्याच पाण्यात सुटत होती.

१९०२ साली इंग्लंडमध्ये असंच झालं. विंचेस्टर आणि साउथहॅम्प्टन या दोन शहरांत महापौरांच्या मेजवान्या एकाच दिवशी झाल्या. दोन्हीकडची माणसं आजारी पडली, काही दगावली, त्यात विंचेस्टरच्या मोठ्या चर्चचे प्रमुखही होते. कालवं एम्सवर्थ नावाच्या गावातून आली होती. त्या गावाचा कालवांचा धंदा बसला. पण पाणी घाण कोणी केलं होतं? गावाचं मैलापाणी कालवांच्या तळ्यांजवळ सोडणारी गटारं तिथल्या स्थानिक मंडळाची होती. फॉस्टर नावाच्या कालवांच्या व्यापाऱ्याने मंडळावर दावा लावला आणि १९०६ साली तो जिंकला. कोर्टाचा निकाल लागला, तोवर गावाचं नाव मात्र खराब झालंच होतं.

मैत्रिणींनो, या गोष्टीतली मेख इथे आहे. घाण करणारा एक आणि बदनाम होणारा दुसरा. गिऱ्हाईक गटाराकडे बघत नाही, टोपलीकडे बघतं.

नियम व्हायला आणखी मोठा घाव बसावा लागला. १९२४ च्या हिवाळ्यात शिकागो, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा शहरांत विषमज्वर पसरला. सुमारे १,५०० माणसं आजारी पडली आणि सुमारे १५० गेली. माग पुन्हा कालवांपर्यंत पोचला. लोकांनी कालवं खाणंच सोडलं, धंदा बुडायला लागला. तेव्हा फेब्रुवारी १९२५ मध्ये सरकारी डॉक्टर, राज्यांचे अधिकारी आणि व्यापारी वॉशिंग्टनला एकत्र बसले. त्यांनी ठरवलं, की नुसता शिंपला तपासून भागणार नाही, तो जिथे वाढतो ते पाणी आधी तपासायचं. किनाऱ्यावर कुठे गटार सुटतं ते फिरून बघायचं. पाणी चांगलं असेल तिथेच काढणी करू द्यायची, नाहीतर ती जागा बंद. आणि प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी हवी, माल कुठून काढला आणि कधी काढला याची.

आज युरोपात पाण्याचे तीन दर्जे आहेत. शिंपल्याच्या १०० ग्रॅम मांसात मैल्यातले ई-कोलाय जंतू २३० पर्यंत असतील, तर माल सरळ बाजारात जातो. ४,६०० पर्यंत असतील, तर तो आधी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवून शुद्ध करावा लागतो. ४६,००० पर्यंत असतील, तर पुष्कळ दिवस दुसऱ्या स्वच्छ पाण्यात ठेवावा लागतो, किंवा ठरलेल्या पद्धतीने उष्णता द्यावी लागते. त्याहून जास्त असतील, तर काढणी बंद.

आपण म्हणू, आपल्याकडे तर शिजवूनच खातात. शिजवल्याने जंतू मरतात हे खरं. पण काही सूक्ष्म शेवाळांचं विष शिंपल्यात साठतं आणि ते शिजवूनही जात नाही. १९८१ साली तामिळनाडूत असे शिंपले खाऊन तीन माणसं गेली. १९९७ साली केरळात विळिंजम इथे सात गेली आणि पाचशेहून जास्त लोकांना दवाखान्यात ठेवावं लागलं. कारखान्याच्या पाण्यातून येणारे शिसं, पारा असे धातूही उकळून जात नाहीत. म्हणजे चुलीवर सगळं निभावत नाही, पाण्यावर लक्ष ठेवावंच लागतं.

आता आपल्या नदीकडे येऊ. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा आणि मुठा पुण्यात एक होतात. इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते. मग मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि हे सगळं पाणी दौंडवरून उजनीत जातं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांचं सांडपाणी याच वाटेने खाली येतं. याच पाण्यातले मासे आपल्या आठवडे बाजारात येतात.

कायदा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषणाचा कायदा केला, १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं, १९७४ साली देशाचा कायदा झाला. केंद्रीय मंडळाने पाण्याचे दर्जे लावून दिलेत. समुद्राच्या पाण्यात शिंपल्यांसाठी वेगळा दर्जा आहे. नदीत अंघोळीच्या पाण्याला जंतूंची मर्यादा आहे, १०० मिलिलिटरमध्ये ५०० कॉलिफॉर्म. पण मासळीच्या दर्जाला अशी जंतूंची मर्यादाच नाही. तिथे विरघळलेला प्राणवायू, अमोनिया असं मोजतात. म्हणजे तो दर्जा मासा जगावा म्हणून आहे. मासा साफ करणारी आणि खाणारी त्यात धरलेली नाही.

म्हणून आमच्या गटांचं म्हणणं असं आहे. मासळी विकणाऱ्या बाईला स्वच्छता शिकवायची, हातमोजे द्यायचे, बर्फाची पेटी द्यायची, हे सगळं करूच. आम्ही त्यासाठी कर्जही देतो. पण ती पाण्याची जामीन होऊ शकत नाही. भीमेचं पाणी मोजण्याची मंडळाची ठिकाणं पारगावला आणि दौंडला आहेत. ते आकडे जाहीर होतात. आपल्या ग्रामसभेत ते दर तीन महिन्यांनी वाचून दाखवा, अशी मागणी आपण करू शकतो. आकडा वाईट असेल, तर वरच्या शहरांना लेखी विचारू शकतो. आणि बाजारात मासळी घेताना विचारायचं, "ताई, कुठल्या पाण्यातली? कधी काढली?" हा प्रश्न संशयाने नाही विचारायचा. शंभर वर्षांपूर्वी पोत्यावर जी चिठ्ठी आली, तीच आपण तोंडी मागतोय, आणि उद्या नदीवर बोट ठेवायची वेळ आली तर तिचं उत्तर तिच्याच बाजूने साक्ष देईल.

गटाच्या पुढच्या बैठकीत या विषयावर जरूर बोला.