जिवंत की मेलेलं?

१९१८ मध्ये वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने मेंदूतल्या पोकळ्यांत चक्क हवा भरली आणि एक्स-रे काढला. गाठ दिसायचीच नाही. पोकळी एका बाजूला सरकलेली दिसली, की गाठ कुठे असेल त्याचा अंदाज बांधायचा. पेशंटचे हाल मला कल्पनेतही बघवत नाहीत. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या सीटी यंत्राने एका बाईच्या मेंदूतली गाठ थेट दाखवली.

पण मला जास्त छळतो तो पुढचा प्रश्न. रेडिएशननंतर एमआरआयवर पुन्हा पांढरा डाग चमकतो. गाठ परतली, की रेडिएशनने मेलेला भाग आहे? बरेचदा दोन्ही सारखेच दिसतात आणि पुढचे उपचार त्यावरच ठरतात.

१९८२ मध्ये दी किरो यांनी पेट स्कॅनवर दाखवलं, की आक्रमक गाठी जास्त साखर खातात. पंचाईत अशी, की मेंदू स्वतःच साखरेचा खादाड! म्हणून पुढे अमिनो आम्लाचे ट्रेसर आले. निरोगी मेंदू ते फारसे घेत नाही. पेटचं चित्र धूसर, एमआरआयचं रेखीव. दोन्ही एकावर एक ठेवली, की बायोप्सीची सुई नेमकी कुठे घालायची हे सर्जनला कळतं.