परवचा आणि पायली

दिवेलागण झाली, शुभंकरोति म्हणून झाली, कीं पूर्वी मराठी मध्यमवर्गीय घरांतून परवच्याचा घोष सुरू होई. तिसापर्यंतचे पाढे संपले कीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी अपूर्णांकांची रांग लागे. शेवटीं औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा. ती न अडखळतां म्हणणारा मुलगा हिशेबांत पक्का झाला, असें वडील मंडळी समजत.

ही समजूत अगदींच निराधार नव्हती. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि मणाचे ४० शेर असलेल्या व्यवहारांत पाव आणि पाऊण यांशीं रोज गांठ पडे. ५ आणे शेराची वस्तु अडीच शेर घ्यावयाची झाली, तर अडीचकी येणारा पोर कागदाला हात न लावतां साडेबारा आणे सांगे. परंतु या सोयीमधूनच एक भ्रमहि रूढ झाला. जें मोठ्यानें म्हणतां येतें तेंच गणित, असें आईबापांस वाटूं लागलें.

त्याच वेळीं त्याच घराच्या माजघरांत दुसरी एक शाळा भरत असे. तिला कोणी शाळा म्हटलें नाहीं. कोठींतून धान्य काढणाऱ्या आईच्या शेजारीं बसलेली मुलगी पाहत असे, कीं दोन चिपटीं ओतलीं म्हणजे मापटें भरतें, दोन मापट्यांचा शेर होतो आणि चार शेरांची पायली. पायलींत १६ चिपटीं. रुपयांत १६ आणे! अर्ध्याचें अर्धें म्हणजे पाव, हें तिच्या भावाला पावकीनें जिभेवर आणून दिलें. तिला तें चिपट्यानें हातांत दिलें. सागरगोटे झेलतांना आणि सारीपाटावर कवड्यांचें दान मोजून सोंगटी पुढें सारतांनाहि बेरीज होतच होती. मात्र परीक्षा घ्यावयाची ती परवच्याची, मापट्याची नव्हे. मुलीच्या या ज्ञानाची गणना घरकामांत झाली, विद्येंत झाली नाहीं.

हाताच्या या शिक्षणाचें मोल ओळखणाऱ्यांत ताराबाई मोडक अग्रगण्य होत्या. १९२६ सालीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र निघालें, व तेथें अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरी पद्धतीचीं महागडीं साधनें खेड्यांत परवडणारीं नव्हतीं; म्हणून शिंपले, बिया, खडे, पानें हींच मोजण्याचीं साधनें झालीं.

१९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि १९५८ पासून शेर-मणाची जागा किलोग्रॅम क्रमाक्रमानें घेऊं लागला. अपूर्णांकांच्या पाढ्यांचा मुख्य व्यवहार संपला. औटकी गेली याची हळहळ अजूनहि ऐकूं येते. चिपटें आणि मापटें कोठींतून गेलें, याची तशी ऐकूं येत नाहीं.

२०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘एकवीस’ या नांवाबरोबर ‘वीस एक’ असें वाचन दिलें गेलें, तेव्हां मोठें वादळ उठलें. लिहितांना आधीं दोन आणि बोलतांना आधीं एक, या उलट क्रमानें मुलें गोंधळतात, असें डॉ. मंगला नारळीकर यांचें म्हणणें होतें. यानें भाषेची वीण उसवते, असें विरोधकांचें. दोन्ही पक्षांत तथ्य होतें. तरी वाद पुन्हां झाला, तो संख्येच्या उच्चाराविषयींच.

संख्येचें नांव शाळा शिकवील. एकवीस म्हणजे किती, हें मात्र आजीबरोबर शेंगा सोलतांना एकवीस दाणे वेगळे काढणाऱ्या मुलाला आधींच कळलेलें असतें. तें गणितच आहे, एवढें त्याच्या घरच्यांना कळावयाचें राहिलें आहे.