नाडी, घड्याळ आणि मिठाचं पाणी

गेले पंधरा दिवस लेकीचा रोज एकच फोन. "आई, तुझ्यासाठी हृदयाचं घड्याळ घेतेय. कुठलं घेऊ, सांग." जावईबापूंनी चार घड्याळांचा तक्तासुद्धा करून पाठवलाय. मी मात्र हो-नाही काहीच बोलत नव्हते. त्यामागचं कारण कुणालाच नीट सांगितलेलं नाही, ते आज इथे लिहून टाकते. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे सुरुवात जरा मागून करणार. कंटाळू नका!

लहानपणी घरात कुणी आजारी पडलं की वैद्यबुवा यायचे. मनगटावर तीन बोटं टेकवून, डोळे मिटून बसायचे. आम्ही मुलं श्वास रोखून बघायचो. ही नाडीपरीक्षा चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत अशी सविस्तर नाही. ती आली शार्ङ्गधर संहितेत, साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. तिथे नाडीची चाल सांगितली आहे ती प्राण्यांवरून. वाताची साप-जळवेसारखी, पित्ताची कावळा-बेडकासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी. आकडा कुठेच नाही, चाल आहे!

आकडा आला घड्याळामुळे. इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरने १७०७ साली पुस्तक लिहिलं, 'द फिजिशियन्स पल्स वॉच'. तेव्हाच्या घड्याळांत सेकंद मोजायची सोय सहसा नसायची. त्याने खास नाडीसाठी एक मिनिट चालणारं घड्याळ बनवून घेतलं. म्हणजे मनगट आणि घड्याळ यांची सोयरीक तीनशे वर्षांहून जुनी आहे. फरक इतकाच की तेव्हा घड्याळ डॉक्टरच्या हातात होतं आणि मनगट रोग्याचं.

पुढची गोष्ट आम्हा भाईंदरकरांना विशेष जवळची वाटावी, कारण आपलं गाव मिठागरांचं. हॉलंडमधल्या लायडनला विल्यम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयाची वीज कागदावर उमटवणारं यंत्र तयार केलं. वजन सुमारे २७० किलो आणि चालवायला पाच माणसं! रोग्याचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवायचे, कारण खारं पाणी वीज वाहून नेतं. यंत्र हलवता येईना, तेव्हा दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातून टेलिफोनच्या तारेने ठोके प्रयोगशाळेत आणले. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. आपण ज्याला 'कार्डिओग्राम काढला' म्हणतो तो हाच.

पुढे १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी तेच काम चालत्या माणसावर करून दाखवलं. पाठीवरचं ओझं होतं तब्बल ३८ किलोचं! आज 'होल्टर लावला' म्हणतात तो यांच्याच नावाने. १९७४ साली जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी प्रकाशावर चालणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरची युक्ती शोधली. करोनात घरोघरी बोटाला लावला तो चिमटा हाच. आओयागी गेले तेही एप्रिल २०२० मध्ये, जग त्यांचा चिमटा शोधत असताना.

आजच्या घड्याळात हे दोन्ही वंश एकत्र आलेत. पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो, तो प्रकाशाचा वंश. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, त्यावरून तो ठोके मोजतो. काही महागड्या घड्याळांना बोट टेकवून अर्धा मिनिट थांबलं की कार्डिओग्राम निघतो, तो आइन्थोव्हेन यांचा वंश. ॲपलने ही सोय २०१८ साली आणली, भारतात ती २०१९ मध्ये आली.

आता माझं कारण.

गेल्या श्रावणात एका सकाळी ह्यांच्या छातीत जड वाटायला लागलं. मनगटावर मुलाने दिलेलं घड्याळ होतंच. पाहिलं तर ठोके ७८. "बघ, अगदी नॉर्मल. गॅस असेल," हे म्हणाले, आणि मीही ओवा दिला. दर दहा मिनिटांनी आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत होतो. ७६, ८०, ७८... असे दोन तास गेले. घाम फुटला तेव्हा शेजारच्या मुलाने रिक्षा आणली. इस्पितळात दहा तारा लावून बारा बाजूंनी कार्डिओग्राम काढला, आणि लगेच अँजिओप्लास्टी झाली. आता हे बरे आहेत.

घड्याळ खोटं बोललं नव्हतं. परीक्षेत एखादा मुलगा उत्तर बरोबर लिहितो, पण विचारलेल्या प्रश्नाचं नाही, तसं झालं. ठोके मोजणं वेगळं आणि हृदयाची रक्तवाहिनी बंद झालीय का ते बघणं वेगळं. कार्डिओग्रामवालं घड्याळसुद्धा हार्ट अटॅक ओळखत नाही. ॲपल स्वतःच तसं लिहिते. ते दोन तास मात्र माझ्या मनातून जात नाहीत.

मग घड्याळ नकोच का? तसंही नाही. अनियमित ठोके, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हे त्याचं खरं काम. वयाबरोबर तो दोष वाढतो, कधी येतो कधी जातो, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात चार लाखांहून अधिक लोकांनी ॲपलचं घड्याळ घातलं होतं. इशारा मिळाला तो हजारात पाचएकांना. त्यांतल्या ज्यांची नंतर छातीवर पट्टी लावून तपासणी झाली, त्यांत ३४ टक्क्यांना त्या दिवसांतही हा दोष सापडला. म्हणजे इशारा आला की डॉक्टरकडे जायचं. नाही आला म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

तेव्हा लेकी, माझं उत्तर असं. कार्डिओग्रामची सोय असलेलं घे, आणि ती सोय भारतात चालू आहे ना ते दुकानदाराला विचार. माझा फोन अँड्रॉइड आहे, ॲपलचं घड्याळ त्याच्याशी जुळत नाही. पट्टा घट्ट बसणारा हवा, आणि आकडे मोठे.

आणि एक काम मी आधीच केलंय. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत कागद लावलाय: 'छातीत दुखलं तर घड्याळ बघायचं नाही. १०८ ला फोन करायचा.'

वाचकहो, तुमच्याही फ्रिजवर जागा असेलच.